दुसरीचं पहिलं सत्र: जून ते दिवाळी पोरं काय शिकतात आणि घरी आपण काय करायचं

ऑगस्टच्या पालकसभेत दरवर्षी कुणीतरी वही घेऊन येतंच. एका बाबांनी तर टेबलावर उघडूनच ठेवली, "बाई, दोन महिने झाले की ओ शाळा सुरू होऊन, आणि गणिताच्या वहीत पानं बघा, सात!" आता पानं सातच होती, मी काय नाकारणार. मग त्यांच्या पोराला हाक मारली, कोपऱ्यातला काड्यांचा डबा आणायला सांगितला आणि म्हटलं बाबांना त्रेचाळीस करून दाखव. त्याने पटापट दहाचे चार गठ्ठे मांडले, शेजारी तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या आणि वर बाबांनाच विचारलं, "ह्यातनं बारा काढू का?" बाबा गप्प. रागाने नाही, त्यांना खरंच माहीत नव्हतं की हे पण गणितच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, दोन शिक्षकी शाळा, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. पालकांचे तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं. हे सगळं दुसरीच्या पहिल्या सत्राबद्दल आहे, मराठी माध्यम, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम. वाचताना एवढंच डोक्यात ठेवा की ह्या वयात कुठलीही गोष्ट आधी तोंडात येते, मग हातात, मग चित्रात, आणि वहीत सगळ्यात शेवटी. आपण पालक मात्र वही उघडून शेवटापासून मोजायला बसतो.

आधी हिशोब कळून घ्या

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा, आणि पहिलं सत्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय, म्हणजे एका सत्राला साधारण शंभर दिवस. त्यातले पावसाने, सणावाराने, तापाने किती जातात ते तुम्हीच मोजा.

विषय म्हणाल तर मराठी, गणित, इंग्रजी, आणि कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीपासून, तोवर पाऊस, झाडं, घरातली माणसं हे सगळं मराठी-गणिताच्या पोटातच येतं, त्यामुळे "परिसर शिकवत नाही का" असं विचारू नका, शिकवतो.

आता मार्कांचं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पहिली-दुसरीला भाषा-गणितासारख्या विषयांत १०० पैकी ७० गुण आकारिकचे, म्हणजे सत्रभर रोज बघून, तोंडी विचारून, उपक्रम करून घेऊन दिलेले. उरले ३० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटी घेतलेल्या परीक्षेचे, त्यातले १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. लेखी पेपर फक्त २० चा! कला-कार्यानुभव-शारीरिक शिक्षणाला तर लेखी पेपरच नाही. आता नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्रगतिपुस्तकाचा नमुना बदलत चाललाय, पहिलीचा अभ्यासक्रमही २०२५-२६ पासून बदलला आणि वरच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने येतायत, तर तुमच्या शाळेत सध्या काय चालू आहे ते बाईंना विचारून घ्या. मी खाली धड्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, धडे बदलतात, कौशल्यं तीच राहतात.

आणि पोराला कुठपर्यंत यायला पाहिजे, तर त्याचंही माप आहे. लहान पोरांचं वाचन-गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्राने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत मोहिमेत दुसरीच्या वर्षअखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं, ९९९ पर्यंत संख्या, आणि ९९ पर्यंतची वजाबाकी असं धरलंय. वर्षअखेरीस हं, दिवाळीला नाही! दिवाळीला त्याच्या अर्ध्या वाटेवर असलं तरी मी निश्चिंत असते.

गृहपाठाचं पण सांगून टाकते, पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असं केंद्राचं २०१८ चं परिपत्रक आहे. त्यामुळे खाली जे सांगतेय ते गृहपाठ म्हणून करून घेऊ नका, स्वयंपाक करता करता, बाजाराला जाता येता करा.

पायरी १: जूनचे पहिले तीन आठवडे, मागचं किती उरलंय ते बघा

मे महिन्यात मामाच्या गावाला जाऊन आलेलं पोर पहिलीतलं निम्मं विसरून येतं, हे दरवर्षीचं आहे, घाबरायचं नाही. शाळेत हे आठवडे उजळणीत आणि खेळात जातात.

घरी तपासायचं तर अ ते ज्ञ म्हणून घेऊ नका. ते गाण्यासारखं पाठ असतं. माझ्याकडे एक मुलगी होती, धडा घडाघडा वाचायची, आवाज मोठा, हातवारे पण करायची, मी खूश. एकदा लक्ष गेलं तर बोट दोन ओळी मागे आणि तोंड दोन ओळी पुढे. पूर्ण धडा ऐकून पाठ केलेला! तीन महिने मला कळलं नव्हतं, चूक माझीच. तेव्हापासून मी एक युक्ती करते, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका शब्दाएवढी खिडकी कापायची आणि ती पानावर कुठेही ठेवायची, दिसेल तो शब्द वाचायचा. ओळीचा आधार गेला की खरं काय येतंय ते दोन मिनिटांत कळतं. तुम्हीही करा, फुकटात होतं.

गणितात एवढंच बघा: वाटाण्याचे दाणे वीस-पंचवीस पुढे टाकून मोजायला सांगा. एका दाण्याला एकच आकडा बोलतोय का, की तोंड पळतंय आणि बोट मागे? आणि मोजून झालं की परत विचारा, "मग किती झाले?" काही पोरं परत पहिल्यापासून मोजायला लागतात, म्हणजे शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून बसलेलं नाही. असं असेल तर पाढे-बिढे बाजूला ठेवा आणि महिनाभर नुसतं मोजा, चपात्या, शेंगा, जिन्याच्या पायऱ्या, काहीही.

पायरी २: मराठी, जुलै-ऑगस्ट, जोडाक्षरांची लढाई

पहिलीत काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार झालेले असतात. दुसरीत खरा घाट जोडाक्षरांचा. क्रम असा ठेवा: आधी ऐकणं, मग तोडणं, मग जोडणं, मग वाचणं, आणि लिहिणं शेवटी. "पक्का" हा शब्द पोराने आधी टाळी वाजवून तोडायचा, पक्-का, मग विचारायचं पहिल्या टाळीत शेवटी कोण अडकलंय? क् अडकलाय. अडकलेलं अक्षर अर्धं लिहायचं. सोपे शब्द घरचेच घ्या, चप्पल, गल्ली, भत्ता, बिस्कीट, रस्ता, पुस्तक.

आणि मग येतो र. एका र ची चार रूपं आणि चारही ह्याच वर्षात डोळ्यापुढे येतात, बिचारी पोरं गोंधळणारच. चक्र, ग्रह मध्ये तो पायात तिरका. ट्रक, ड्रम मध्ये खाली टोपीसारखा. दऱ्या, गुऱ्हाळ, कऱ्हाड मध्ये अर्धा, डोक्यावर नाही आणि पायातही नाही. आणि सूर्य, पर्वत मध्ये रफार होऊन डोक्यावर. सगळ्यात जास्त चुका रफारात, कारण बोलताना र आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. पोरं तो प च्या डोक्यावर देतात नाहीतर सरळ परवत लिहून मोकळी होतात. मी चार पोरांना ओळीत उभं केलं, गळ्यात पाट्या, प, र, व, त. आणि र ला सांगितलं तुला उभं राहायला जागा नाही, पुढच्याच्या पाठीवर बस. र झालेला पोरगा वर्गात सगळ्यात लहान चणीचा आणि व झालेली मुलगी दणकट, तिने त्याला पाठंगुळीला घेतला आणि वर्गभर फिरवला. त्या आठवड्यात पर्वत कुणाचा चुकला नाही. घरी भावंडांना घेऊन करा, किंवा चपलांवर अक्षरं ठेवून करा, पण एका दिवशी एकच रूप. चारही एकदम शिकवायला गेलात तर संध्याकाळी रडारड पक्की.

वाचायला पुस्तकच पाहिजे असं नाही. एसटीच्या पाट्या, दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, लाइटबिल, लग्नपत्रिका, रेशनच्या दुकानातला फळा. फक्त एक लक्षात ठेवा, पुस्तकातला ल पाकळीचा असतो आणि मोबाईलवर बऱ्याचदा दंडाचा दिसतो, श चं पण तसंच, पोरं ते वेगळं अक्षर समजतात. "हा पण ल च आहे, शर्ट बदललाय" एवढं सांगितलं की पुरे.

ऱ्हस्व-दीर्घावरून ह्या वयात वही लाल करू नका, हात जोडून सांगते. फार तर एवढंच, आपल्या रोजच्या मराठी शब्दांच्या शेवटी वेलांटी-उकार आला तर दुसरा असतो, पाणी, गहू, काकू, आणि "आणि" हा एक त्यातला आगाऊ अपवाद. बाकीचं पाचवीत बघू.

बोलीचं सांगते. एका मुलाने लिहिलं, "काल आमच्या म्हशीला रेडकू झालं मी पप्पांसंग गोठ्यात व्हतो." ह्यात मला चूक दिसत नाही, मला त्यात स्वतःचा अनुभव स्वतः लिहिणारं पोर दिसतं. आधी त्याला विचारायचं रेडकू काळं का तांबूस, उभं कधी राहिलं, तू घाबरलास का. अजून दोन वाक्यं लिहून होऊ द्यायची. मग कधीतरी नंतर, "पुस्तकात व्हतो ला होतो लिहितात बरं का", एवढंच. घरची भाषा खोडली की पोरं लिहायचीच बंद होतात आणि मग वर्षभर निबंधाच्या नावाखाली "गाय हा उपयुक्त प्राणी आहे" वाचत बसावं लागतं.

वाचनाचा वेग महिन्यातून एकदाच मोजा, मोबाईलवर एक मिनिट लावून, आणि मिनिट संपलं की लगेच दोन प्रश्न, एक उत्तर गोष्टीत सापडणारं आणि एक "का" वालं. साठ शब्द वाचले आणि कोण कुठे गेलं ते सांगता येईना, तर ते वाचन नव्हे, नुसती जिभेची कवायत.

पायरी ३: गणित, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिल्या सत्रातलं खरं काम म्हणजे दशक-एकक. बाकी बेरीज, वजाबाकी, पैसे, सगळं ह्यावर उभं आहे. आणि आपल्या मराठीत ह्याची एक खास अडचण आहे जी आपल्याला मोठेपणी दिसतच नाही.

सत्तावीस म्हणा. आधी काय ऐकू आलं? सात. मग वीस. लिहायचं मात्र आधी २, मग ७. म्हणून पोरगं ७२ लिहितं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. अहो लक्ष आहे म्हणून तर तसं लिहितंय, ऐकलं त्याच क्रमाने! पस्तीस आणि त्रेपन्न, सदुसष्ट आणि शहात्तर, ह्या जोड्यांवर हमखास गाडी अडते. त्यात भर एकोणवाल्यांची. एकोणतीस म्हटलं की तीस ऐकू येतं म्हणून ३९ लिहितात. एकोण म्हणजे एकाने कमी, तीसाला एक कमी म्हणजे २९, हे काड्यांनी दाखवावं लागतं, तीन गठ्ठे मांडायचे, एका गठ्ठ्यातली एक काडी उचलायची, आता पूर्ण गठ्ठे किती राहिले? दोन. आणि सुट्ट्या नऊ. आणि हे सगळं बसेपर्यंत ९९ येतं आणि ते एकोणशंभर नसतं, नव्व्याण्णव असतं. एका मुलीने मला भांडून विचारलं होतं, "मग बाकीच्यांनीच काय पाप केलंय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

२०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन, साठ तीन असं वाचन आलं तेव्हा काय गदारोळ झाला आठवत असेल, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि मुलांना संख्या लिहिताना होणारा हाच गोंधळ कमी करायचा असा त्यांचा मुद्दा होता. टीव्हीवर सगळे हसले, पण वर्गात बसून बघितलं तर ती गोष्ट कामाची आहे, असं माझं मत. मी दोन्ही बोलते. अडकलेल्या पोराला "सदुसष्ट, म्हणजे साठ आणि सात" असं म्हणायचं, लिहून झालं की परत सदुसष्ट. घरी आजी-आजोबांनी बावन्न, त्रेपन्न म्हणत राहावं, त्याने काही बिघडत नाही, उलट तेच शब्द बाजारात लागणारेत.

काड्या कुठल्या आणायच्या? खराट्याचे हीर तोडा, सारख्या लांबीचे शंभर. दहा-दहाला रबर लावा. पोराने स्वतः मोजून स्वतः रबर लावलं पाहिजे, तयार गठ्ठे दिले तर उपयोग शून्य, कारण "दहा सुट्ट्या म्हणजे एक गठ्ठा" हे कळतं ते रबर लावणाऱ्या बोटांना.

आता हातच्याची बेरीज, ही साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला येते. २७ अधिक १५ घ्या.

पहिल्यांदा २ गठ्ठे ७ काड्या मांडा, खाली १ गठ्ठा ५ काड्या. सुट्ट्या सगळ्या एकत्र करा, बारा झाल्या. बारातल्या दहाला रबर लावा, तो नवा गठ्ठा गठ्ठ्यांच्या बाजूला सरकवा. हाच हातचा! गठ्ठे झाले ४, सुट्ट्या २. बेचाळीस. हे नुसतं आठवडाभर करा, लिहायचं काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात काड्यांच्या ऐवजी चित्र, गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्टीला टिंब. तिसऱ्या आठवड्यात आकडे, आणि हातचा दशकाच्या डोक्यावर छोटा लिहायचा. त्या बाबांच्या वहीतली सात पानं ही तिसऱ्या आठवड्याची होती, पहिले दोन आठवडे वहीत येतच नाहीत.

वजाबाकीत मोठा खड्डा एकच. ४२ मधून १७ काढायला सांगितले की उत्तर येतं ३५. कसं? दोनातून सात जात नाहीत, मग पोर सातातून दोन काढतं, पाच, आणि चारातून एक, तीन. त्याला वाटतं मोठ्यातून लहान काढायचं असंच सांगितलंय, आणि आपणच तसं सांगितलेलं असतं. इथे परत काड्या. चार गठ्ठे दोन सुट्ट्या, मला सात द्या. नाहीत. मग काय करू? बहुतेक पोरं स्वतःच म्हणतात, "गठ्ठा सोडू?" सोड. आता ३ गठ्ठे १२ सुट्ट्या, सात दिल्या, पाच उरल्या, एक गठ्ठा दिला, दोन उरले. पंचवीस. "उसना घेतला" हा शब्द मी वापरत नाही, उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं आणि पोरं विचारतात परत कधी दिलं. गठ्ठा सोडला, संपलं. ही वजाबाकी काही शाळांत दुसऱ्या सत्रात जाते, तर दिवाळीपर्यंत आली नाही म्हणून ओरडा करू नका.

पाढे. दोन, तीन, चार, पाच आणि दहा एवढे बस. बे एके बे, बे दुणे चार ची चाल गोड आहे, ती असू द्या, पण सोबत वस्तू मांडा. दाराबाहेरच्या चपला म्हणजे दोनचा पाढा, रिक्षाची चाकं तीनचा, गोठ्यातल्या म्हशींचे पाय चारचा, हाताची बोटं पाचचा. मग चालीत म्हणताना मध्येच थांबवून विचारा, "बे पंचे? कुणाच्या चपला?" सांगता आलं तर पाढा समजला.

पैशांसाठी घरातच दुकान मांडा, पण पहिले काही दिवस फक्त दहाच्या नोटा आणि एकचे रुपये. म्हणजे परत दशक-एककच झालं, पोराला कळतही नाही. ३४ रुपयांचा साबण, तीन नोटा चार नाणी. पाच-वीसची भर नंतर.

मापनाचं थोडक्यात. वीत, हात, पाऊल ह्यांनी मोजणं असतं. टेबल तुमच्या वितीने किती आणि पोराच्या वितीने किती ते मोजा, आकडा वेगळा येईल, आणि तिथेच पोर विचारेल की मग बरोबर कोणाचं. तो प्रश्न विचारला की त्या दिवशीचं काम झालं, सेंटिमीटरचं भाषण तेव्हाच देऊ नका.

पायरी ४: इंग्रजी, ऐकू द्या

आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पहिल्या सत्रात गाणी, सूचना ऐकून कृती करणं, अक्षरांची ओळख, छोटे शब्द. स्पेलिंग पाठ करून घ्यायची घाई सगळ्यात जास्त इथेच होते. त्यापेक्षा पोराला आधीच किती शब्द येतात ते मोजा, टेबल, बॅग, पेन, बॉल, बस, मोबाईल, फॅन, टॉवेल. आम्ही वर्गात एकदा यादी केली तर फळा भरला. पोरांना वाटलं आपल्याला इंग्रजी येतं, आणि मग ती तोंड उघडायला लागली.

छोट्या लिपीतला बी आणि डी उलटे लिहिणं ह्या वयात अगदी नेहमीचं आहे, रोज बघून सावकाश सुधारतं. वर्षभर अजिबात फरक पडला नाही तर मात्र बाईंशी बोला.

पायरी ५: हाताचं काम, मैदान आणि सणवार

"नुसतं खेळवतात" ही तक्रार इथलीच. मातीकाम करताना बोटांत जी ताकद येते त्यावर पुढे पेन्सिल धरणं अवलंबून असतं. आमच्याकडे बेंदराला, बाकी ठिकाणी पोळ्याला, मातीचे बैल करतात. बैलाला चार पाय सारखे केले नाहीत तर तो पडतो, म्हणजे मापन आलं. शिंगं वाळताना तडकली तर का तडकली, म्हणजे विज्ञान आलं. राखी करताना मणी दोन लाल एक पिवळा ओवला तर ते आकृतिबंध, गणितातला एक घटकच आहे तो.

पण माझा सगळ्यात आवडता म्हणजे नवरात्रातला भोंडला, आमच्याकडे काही जण हादगा म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. खिरापतींची रीत अशी की पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशा रोज एकेक वाढत्या. नऊ दिवसांत एकूण किती खिरापती लागतील? मी हा प्रश्न दुसरीला टाकला होता, दाण्यांनी करायला. एका ओळीत एक, खाली दोन, खाली तीन, असा दाण्यांचा जिना झाला आणि शेवटी पंचेचाळीस आले, दीड तास गेला. शिवाय खिरापत ओळखायची तर प्रश्न विचारावे लागतात, गोड का तिखट, ओली का कोरडी, चमच्याने खायची का हाताने. मराठीतलं प्रश्न विचारणं ह्याहून चांगलं शिकवणारा धडा मला अजून सापडलेला नाही. मुलगेही खेळतात आमच्याकडे, आधी लाजतात, खिरापतीला सगळ्यात पुढे.

पायरी ६: ऑक्टोबर, परीक्षा

लेखी २० चाच आहे हे परत आठवा. पेपरच्या आदल्या आठवड्यात घरी करायचं ते एवढंच: प्रश्न पोराला स्वतःला वाचू द्या. बरीच पोरं उत्तर येत असून शून्य आणतात, कारण घरी प्रश्न नेहमी आई वाचून दाखवते. "जोड्या लावा", "गाळलेली जागा भरा", "गोल करा", ह्या सूचना वाचून त्याप्रमाणे करायची सवय लावा. तोंडी साठी एक चित्र पुढे ठेवून पाच वाक्यं बोलायला लावा, विषय कोणताही. झोप पूर्ण हवी, बस.

निकाल घ्यायला गेलात की श्रेणी बघून परत फिरू नका. अ-१ म्हणजे ९१ ते १००, पण त्याने काय कळतं? बाईंना तीन गोष्टी विचारा: कुठल्या प्रकारचे शब्द वाचताना अडतो, संख्या लिहिताना कुठे उलटतं, आणि वर्गात आपणहून बोलतो का. बाईंकडे नोंदवही असते, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं, विचारत मात्र कुणी नाही.

आणि दिवाळीची सुट्टी

शुद्धलेखनाची दहा पानं वगैरे मी देत नाही. एक जुनी डायरी द्यायची आणि रोज एक ओळ लिहायची, काय वाटेल ते, मोठ्यांनी दुरुस्त करायचं नाही. बहुतेक जण तीन दिवस लिहितात आणि विसरतात, चालतं. सुट्टीनंतर सात पानांवाल्या त्या पोराने डायरी आणून दिली, त्यात ओळी चारच होत्या. शेवटची अशी: "आमचा कील्ला पावसात गेला. मावळे १३ होते ११ सापडले २ मातीत आहेत मी उद्या काढनार."